मुलांचं कॅरेक्टर, मुलींचं कॅरेक्टर

(भाईंदर पूर्व येथे महिला बचत गट आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या सत्राला संयोजक मैत्रिणींनी 'मुलं आणि मोबाईल' असं नाव दिलं आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचं तर दिवस पुरायचा नाही. शिवाय त्याबद्दल आपण एकमेकींना जे सांगतो ते आता पाठ झालं आहे. डोळे बिघडतात, अभ्यास होत नाही, मुलं उलट बोलायला लागतात. यातलं काही खोटं नाही. पण मी आज त्यातला एकच तुकडा घेणार आहे. 'फ्री फायर' नावाच्या खेळात सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत जी पात्रं होती, त्यांतल्या बायकांबद्दल मी बोलणार आहे. काहीजणी हसताहेत. हसा, पण ऐका.

नवघर, गोडदेव, खारीगाव या भागातल्या गटांच्या बैठकांना मी जाते. हप्ते गोळा झाले, कर्जाचा विषय संपला, रेशनकार्डाची रड झाली, की कोणीतरी हमखास म्हणते, "ताई, त्या फ्री फायरचं काहीतरी करा." मी विचारते, काय असतं हो त्यात? "मारामारी." कोण कोणाला मारतं? "काय माहीत बाई, नुसता ठो ठो आवाज येतो." पोरगा रोज दोन-तीन तास ज्या जगात वावरतो तिथं कोण राहतं, याची आईला कल्पना नाही. टीव्हीवरच्या मालिकांना आपण निदान पाहून तरी शिव्या देतो.

तर आधी खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते. फ्री फायर २०१७ साली आला. व्हिएतनाममधल्या एका स्टुडिओनं तो बनवला आणि सिंगापूरच्या गरेना कंपनीनं बाजारात आणला. पन्नास खेळाडू विमानातून एका बेटावर रिकाम्या हातानं उतरतात. घराघरांत शिरून बंदुका, गोळ्या, जाकिटं, औषधं शोधतात आणि एकमेकांना मारतात. सुरक्षित जागेचं वर्तुळ हळूहळू आवळत जातं. शेवटी जो उरतो, किंवा ज्यांची टोळी उरते, ते जिंकले. जिंकल्यावर 'बूयाह' असं लिहून येतं. तुमच्या घरात रात्री अकरा वाजता कोणी 'बूयाह' ओरडलं असेल तर ते हे. डाव दहा-एक मिनिटांत संपतो. त्याच सुमाराला आलेल्या पबजीला जरा बरा फोन लागायचा, हा खेळ स्वस्तातल्या फोनवरही चालायचा. आपल्या वस्त्यांत तो पसरला त्याचं हे साधं कारण.

पबजीत आणि यात एक फरक होता आणि माझ्या विषयाचं मूळ त्यातच आहे. पबजीत तुम्ही पुरुषाचं शरीर घ्या नाहीतर बाईचं, दोघं सारखीच धावायची आणि सारखीच मरायची. फ्री फायरमध्ये प्रत्येक पात्राला स्वतःचं नाव, थोडी गोष्ट, आणि एक खास अंगचा गुण दिलेला असतो. पोरं त्याला 'स्किल' म्हणतात आणि पात्राला 'कॅरेक्टर'. याचा अर्थ असा, की कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलं की बाईच्या अंगात कुठला गुण घालायचा आणि पुरुषाच्या अंगात कुठला. श्रमविभागणी हा शब्द आपण शिबिरांत इतका वापरतो. ती करताना इथं कारखाना नव्हता, स्वयंपाकघर नव्हतं, जुनी रूढी नव्हती. कोरी पाटी होती. तिच्यावर काय लिहिलं गेलं ते बघू.

अगदी पहिलं जोडपं होतं ॲडम आणि ईव्ह. आदम आणि हव्वा. हे मी एका बैठकीत सांगितलं तर उत्तनच्या ख्रिस्ती मैत्रिणी आणि नया नगरच्या मुस्लिम मैत्रिणी एकदमच "हो हो" म्हणाल्या. नव्या खेळाडूला फुकट मिळणारं हे जोडपं. दोघांनाही कुठलाच गुण नाही. दोघं सारखी. पुढं कंपनीनं त्यांची नावं बदलली. ॲडमचा झाला 'प्रायमिस', ईव्हची झाली 'नुल्ला'. ही लॅटिन वळणाची नावं आहेत. पहिलं 'पहिला' या अर्थाच्या शब्दाच्या कुळातलं, आणि 'नुल्ला' म्हणजे 'कोणीच नाही', तेही स्त्रीलिंगी रूप. कंपनीनं ठरवून बाईचा अपमान केला असं माझं म्हणणं नाही. कदाचित कानाला बरं वाटलं म्हणून ठेवलं असेल. पण त्याला पहिला आणि तिला कोणीच नाही असं म्हणताना त्या खोलीत कोणाला काही खटकलं नाही, एवढं खरं.

मग गुण असलेली पात्रं आली. पुरुषांमध्ये अँड्र्यू पोलीस, त्याचं जाकीट लवकर फाटत नाही. फोर्ड नौदलातला, वर्तुळाबाहेर राहिला तर त्याला इतरांपेक्षा कमी इजा होते. मिगेल खास दलातला. क्ला मुष्टियुद्ध करणारा. अंतोनियो गुंड. आणि एक मॅक्सिम, त्याचा गुण काय, तर तो इतरांपेक्षा भराभर खातो. (इथं सगळ्याजणी हसल्या.) हो, असाही गुण असतो आणि तो पुरुषाला मिळतो.

बायकांत केली ही शाळेत धावणारी मुलगी, ती सगळ्यांपेक्षा वेगानं पळते. मिशा गाडीच्या शर्यतीतली, ती गाडी वेगानं हाकते. निकिता अंगरक्षक, तिच्या हातात छोटी मशीनगन झटपट भरली जाते. पलोमा शस्त्रांचा व्यापार करणारी, तिच्या पिशवीत रायफलीच्या गोळ्यांना जागा लागत नाही. कॅरोलिन श्रीमंत घरातली शाळकरी मुलगी, हातात शॉटगन असली की तिची चाल वाढते. मोको संगणकात शिरणारी हॅकर, तिनं ज्याला गोळी मारली तो शत्रू तिच्या साथीदारांनाही काही क्षण दिसत राहतो. लॉरा गुप्तहेर, दुर्बीण लावली की तिचा नेम सुधारतो. आणि ऑलिव्हिया. रुग्णसेवेतली. तिनं पडलेल्या साथीदाराला उठवलं की तो जास्त ताकद घेऊन उठतो.

ही यादी मी मुद्दाम सबंध वाचली. कारण आपल्यातल्या बऱ्याचजणींना वाटतं की अशा खेळांत बाई म्हणजे कोपऱ्यात उभी केलेली बाहुली. तसं इथं नाही. कोणी कोणाची बायको नाही, कोणाची सुटका करायला कोणी येत नाही. जुना मारिओ आठवा. १९८५ चा तो खेळ, त्यात धावणारे दोघं भाऊ आणि बाई म्हणजे पळवून नेलेली राजकन्या. नव्वदच्या दशकात स्टेशनाजवळ व्हिडिओ पार्लर असायची, त्यांत चालणारा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ चा. निवडायला आठ लढवय्ये आणि त्यांत बाई एकच, चुन-ली. पुढच्या वर्षीचा 'मॉर्टल कॉम्बॅट' घ्या, सातांत एकटी सोन्या. आठांत एक, सातांत एक. आपल्या ग्रामपंचायतींची आरक्षणापूर्वीची अवस्था याहून फार निराळी नव्हती. आणि त्या पार्लरमध्ये मुली तर शिरतच नव्हत्या. मी लहानपणी त्याच्या पडद्याबाहेर उभी राहून फक्त आवाज ऐकलेला आहे. त्या मानानं केली, मिशा, मोको या फार पुढं आलेल्या बायका आहेत, हे आधी कबूल करू.

आता कपड्यांकडे येऊ, कारण तो प्रश्न कोणीतरी विचारणारच. आम्ही एका बैठकीत एक प्रयोग केला. या सात-आठ बायकांची चित्रं छापून पुठ्ठ्यावर चिकटवली, नावं झाकली आणि बायकांना विचारलं, ही काय काम करत असेल? पलोमाला म्हणाल्या, "सिनेमातली." मिशाला, "गाड्यांच्या जाहिरातीत उभी असते ती." कॅरोलिनला, "ही काय काम करणार, हिचा बाप करत असेल." केलीला, "नाचणारी." ऑलिव्हियाला मात्र सगळ्याजणींनी बरोबर ओळखलं, "नर्स." म्हणजे चित्र बघून बाईचं काम ओळखू येतं ते फक्त सेवा करणारीचं. बाकीच्यांचं शरीर आधी दिसतं, काम सांगावं लागतं. अँड्र्यूला मात्र क्षणात "पोलीस" म्हणाल्या. पुढं कंपनीनं या पात्रांना कपड्यांचे जोड विकायला काढले. पोरं त्यांना 'बंडल' म्हणतात. त्यांतले बायकांचे कपडे घालून गोळीबार सोडा, विरार लोकलसुद्धा पकडता यायची नाही.

आपल्या चळवळीतल्या ज्येष्ठ मैत्रिणींनी अश्लील पोस्टरांना काळं फासलं. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आला, त्यामागं असलीच आंदोलनं होती. बाईची वस्तू करतात, ही भाषा आपण तिथून शिकलो आणि ती इथंही लागू पडते. पण माझ्या मते इथं ती भाषा अर्ध्या वाटेवर थांबते. पोस्टरावरची बाई पुरुष नुसती बघत होता. इथं तो तिच्या आत शिरून खेळतो. चौदा वर्षांचा मुलगा दहा मिनिटं केली होतो, तिच्या पायांनी धावतो, तिला गोळी लागली की "मी मेलो" म्हणतो. मी मुलांना विचारलं, बाईचं कॅरेक्टर घ्यायला लाज नाही वाटत? एकजण म्हणाला, "लाज कसली, मॅडम? केली फास्ट आहे." मला ते उत्तर आवडलं. शाळेच्या नाटकात स्त्रीभूमिका दिली तर हाच मुलगा रडला असता.

मी आणखी खोदलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. या खेळात एका पात्राचा गुण काढून दुसऱ्या पात्राला लावता येतो. त्यासाठी जागा असतात, त्यांना 'स्लॉट' म्हणतात. आधी केली मिळवायची, मग तिचं धावणं काढून एखाद्या पुरुष पात्राला चिकटवायचं. मग केली नको. त्या मुलाच्या टोळीत सहाजण होते. सहाहीजणांनी केलीचं स्किल लावलेलं होतं आणि केली म्हणून खेळत होता एकच. बाकी पाचजणांच्या अंगावर पुरुषाचं शरीर आणि पायात तिचा वेग. हे मी गटात सांगितलं तेव्हा भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करणारी एक मावशी म्हणाली, "म्हणजे आमच्या शेठसारखंच. हात आमचे, पाटी त्याची." तिला स्लॉट म्हणजे काय ते मला दोनदा सांगावं लागलं नाही.

आता ऑलिव्हियाची गोष्ट. मला ती या सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिच्या गुणाचा तिला स्वतःला उपयोग शून्य. दुसरा कोणी पडला, तिनं त्याला उठवलं, तर फायदा त्याचा. एकटीनं खेळायचं असेल तर उठवायला कोणी नाही, तेव्हा गुण असून नसल्यासारखा. म्हणून तिला कोणी घेत नसे. "ऑलिव्हिया कोण घेणार, बेकार कॅरेक्टर," हे मी किमान दहा मुलांकडून ऐकलं आहे. खेळून जी नाणी साठतात त्यांवर ती मिळायची, तरी नको.

मग नोव्हेंबर २०१९ मध्ये आलोक आला. हा ब्राझीलमधला खराखुरा संगीतकार, डीजे आहे, त्याच्यावरून हे पात्र बनवलं. त्याचा गुण असा की तो आपलं संगीत वाजवतो आणि पाच मीटरच्या वर्तुळात जे जे साथीदार असतील त्यांची ताकद भरून यायला लागते, चालही वाढते. त्यात तो स्वतःही आला. म्हणजे काम तेच, आजूबाजूच्यांना बरं करायचं. पण करणारा आता नामवंत पुरुष, आणि त्याची सेवा त्याला स्वतःलाही मिळते. पोरं आलोकवर तुटून पडली. तो तेव्हा नाण्यांवर मिळत नव्हता, 'डायमंड' लागायचे, ५९९. डायमंड म्हणजे खरे पैसे. आपल्या रुपयांत पाचशेच्या आसपास. घरी बसून इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवणाऱ्या बाईला पाचशे रुपये हातात यायला किती दिवस लागतात ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. आईनं आठवडाभर वाकून चिकटवलेले खडे मुलानं एका संध्याकाळी आलोकवर उधळले, असं आमच्या एका गटात खरंच घडलं आहे.

घरात आई आजाऱ्याचं करते त्याला कोणी काम म्हणत नाही आणि तेच काम मोठ्या हॉटेलात पुरुष पांढरी टोपी घालून करतो तेव्हा त्याचा पगार होतो, हे आपण स्वयंपाकाबद्दल नेहमी बोलतो. इथं ते कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहिलेलं सापडलं. आलोकनंतरच्या वर्षभरात जिवंत माणसांवरून बेतलेली जी पात्रं गाजली तीही बघा. 'के' हा अमेरिकेतला भारतीय वंशाचा संगीतकार, 'जय' म्हणजे आपला हृतिक रोशन, 'क्रोनो' म्हणजे फुटबॉलपटू रोनाल्डो. २०२० च्या एका वर्षात हे तीन, आणि तिन्ही पुरुष.

इतका वेळ मी खेळातल्या मुलींबद्दल बोलले. आता खेळणाऱ्या मुलींबद्दल.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, की आजवर कधी इंटरनेट वापरलं आहे का. देशभरात शंभरातल्या ५७ पुरुषांनी हो म्हटलं, बायकांमध्ये ३३ जणींनी. स्वतःला वापरता येईल असा मोबाईल शंभरातल्या ५४ बायकांकडे होता. मुंबईच्या कुशीतलं आपलं शहर, आपल्याकडं आकडे बरे असतील असं वाटतं. पण घरात शिरून बघा. फोन एक असेल तर तो बापाबरोबर जातो. दोन असतील तर दुसरा मुलाकडे. मुलीला मिळतो तो "जरा दे" म्हणून, आणि तोही आईच्या डोळ्यांसमोर. म्हणजे केलीच्या पायांनी धावण्याची संधीसुद्धा आधी मुलाला.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि एक उलटीच गोष्ट घडली. ऑनलाईन वर्गासाठी मुलींच्या हातात फोन द्यावाच लागला. आपल्या भागातल्या कितीतरी मुलींनी त्या वर्षात पहिल्यांदा तास-दोन तास फोन एकटीनं वापरला. त्यांतल्या काही खेळू लागल्या. चांगल्या खेळू लागल्या.

त्यांतल्या एकीचं सांगते. ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे. नववीतली मुलगी, दोन भावांच्या पाठची. खेळात तिचं नाव मुलाचं होतं. पात्र केली, नाव मुलाचं. माईक कायम बंद, कारण आवाज ऐकला की समोरचे पोरं खेळ सोडून "नंबर दे" सुरू करतात, नाही दिला तर शिव्या. हे ती एकटी सांगत नाही, ज्या ज्या मुलींशी मी बोलले त्या सगळ्या सांगतात. एकदा डाव रंगात आला होता, साथीदाराच्या मागून शत्रू येत होता, हिच्या तोंडून "मागं बघ" निघून गेलं. टोळीतल्या एकानं आवाज ओळखला. तो दोन गल्ल्या पलीकडचा. दुसऱ्या दिवशी भावाला निरोप, तुझी बहीण रात्री पोरांशी बोलते. तिसऱ्या दिवशी फोन काढून घेतला. फोनबरोबर वर्गही गेला, कारण वर्ग त्याच फोनवर होता. तिला गावी मामाकडे पाठवलं. भाऊ? तो त्याच टोळीत अजून खेळत होता.

शेजारणी काय म्हणाल्या ऐका. "तिचं कॅरेक्टर बरं नाही." मुलगा म्हणतो मी नवीन कॅरेक्टर घेतलं, तेव्हा त्याला दुकानातली वस्तू म्हणायची असते. मुलीपाशी तोच शब्द येतो तेव्हा तिची दहावी जाते. मुलाचं खेळणं म्हणजे वाईट सवय, मुलीचं खेळणं म्हणजे वाईट चाल. आपल्या बैठकांतही हेच होतं, हे मी स्पष्ट बोलणार आहे. मुलाची तक्रार घेऊन आलेली बाई म्हणते, "त्याला समजवा." मुलीची तक्रार घेऊन आलेली म्हणते, "आता हिचं बघायला पाहिजे." बघायला पाहिजे म्हणजे स्थळ.

त्या मुलीचं पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही चहाच्या सुट्टीत मला विचारालच. गटातल्या तिघीजणी तिच्या आईकडे चार-पाच वेळा गेल्या. एकदा आजीला भेटल्या, आणि गाडी आजीमुळे हलली. आजीचं म्हणणं साधं होतं, "पोरगी 'मागं बघ' म्हणाली, त्यात काय पाप केलं?" वर्षभरानं मुलगी परत आली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली. पास झाली. फोन मात्र अजून आईच्याच नावाचा आणि आईच्याच उशाखाली.

बंदी घाला, असं अनेकजणी म्हणतात. बंदीचा हिशेब थोडा बघू. जानेवारी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावानं त्याच्या आईमार्फत पबजीविरुद्ध याचिका गेली होती. सरकारनं पबजी बंद केला तो २ सप्टेंबर २०२० ला, आणि फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला. पण दोन्ही वेळा कारण दिलं ते देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांची माहिती बाहेर जाण्याचं. मुलांचा किंवा बायकांचा त्या आदेशात प्रश्न नव्हता. आणि फ्री फायर बंद झाला तरी त्याचंच थोरलं भावंड 'फ्री फायर मॅक्स' सप्टेंबर २०२१ पासून बाजारात होतं, ते चालूच राहिलं. पोरांनी एका संध्याकाळी बिऱ्हाड हलवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन खेळांवर कायदा केला, तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. रमीत नवऱ्याचा पगार गेलेल्या बायकांना त्याचा आधार आहे आणि त्यावर वेगळी बैठक घ्यायला हवी. कॅरेक्टरसाठी डायमंड विकत घेणं हे त्यात येत नाही.

घरातली बंदी तर आपण पाहिलीच. ती पहिल्यांदा लागू होते मुलीला. माझा विरोध आहे तो याच कारणासाठी. मला तो खेळ फार आवडतो असं नाही. तीन संध्याकाळी खेळून पाहिला, तिन्ही वेळा पहिल्या मिनिटात मेले.

मग करायचं काय? आम्ही दोन वस्त्यांत जे करून पाहिलं ते सांगते, जमलं तर करा.

एक म्हणजे पैशाचा दरवाजा आईनं आपल्या हातात घ्यायचा. फोनवर पैसे भरायचा आकडा मुलाला ठाऊक आणि आईला नाही, अशी घरं मी मोजलेली नाहीत पण पुष्कळ पाहिली. २०२१ मध्ये मुंबईच्या उपनगरातल्या एका सोळा वर्षांच्या मुलानं घरच्या खात्यातले दहा लाख पबजीवर घालवले आणि ओरडा बसल्यावर घर सोडलं, ही बातमी सगळ्या पेपरांत होती. आपल्याकडं दहा लाख नसतात, पण बचत गटाचा हप्ता असतो. तो आकडा बदला आणि तुम्ही स्वतः लक्षात ठेवा. कागदावर लिहून फोनच्या कव्हरात ठेवू नका, मुलं पहिल्यांदा तिथंच बघतात. स्वस्तात डायमंड देतो म्हणून कोणी फसवलं तर १९३० ला लगेच फोन करा, उशीर केला तर पैसे हाती लागणं कठीण.

दुसरं, मुलाला म्हणायचं, मला तुझी कॅरेक्टर दाखव. ओरडायच्या सुरात म्हणू नका. तो दाखवतो, हौसेनं दाखवतो, त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. मग विचारायचं, ही कोण? हिला काय येतं? तू हिचा वेग घेतलास तर हिला का नाही घेतलंस? ऑलिव्हिया बेकार का? तू तापानं पडलास तेव्हा तुला कोणी उठवलं? या प्रश्नांवर मुलं बोलतात. एका मुलानं मला ऐकवलं की ऑलिव्हिया चार जणांच्या टोळीत फार कामाची आहे, पण तिला घेतलं की बाकीचे हसतात. हे तो सोळाव्या वर्षी म्हणाला. व्याख्यानातून त्याला हे मी शिकवू शकले नसते.

तिसरं, मुलींसाठी वेळ. काही मैत्रिणींना हे पटत नाही, गेल्या खेपेला यावरून इथंच वाद झाला. आम्ही रविवारी दुपारी दोन तास समाजमंदिराच्या खोलीत मुलींना बोलावतो. फोन आमचे. त्यांत शाळेचे अर्ज भरायला शिकवतो, तक्रार कशी करायची, समोरच्याला गप्प कसं करायचं, आपला नंबर कसा झाकायचा ते शिकवतो, आणि शेवटचा अर्धा तास त्या खेळतात. माईक चालू ठेवून. कोणी शिवी दिली तर सगळ्याजणी मिळून त्याची तक्रार नोंदवतात, एकटीवर येत नाही. पहिल्या रविवारी एकीच्या तोंडून आवाज निघत नव्हता. तिसऱ्या रविवारी खालच्या वॉचमनकाकांनी वर येऊन विचारलं, काय चाललंय, एवढा कसला गोंगाट.

वाद घालणाऱ्या मैत्रिणींचा प्रश्न असा आहे की मारामारीचा खेळ मुलींना आपण कशाला द्यायचा. प्रश्न खरा आहे. हिंसा हा खेळाचा प्राण आहे, आणि मुलगी मारते म्हणून हिंसा चांगली होत नाही. कंपनीच्या तिजोरीत आणखी एक गिऱ्हाईक जातं हेही खरं. पुण्यातल्या एका कंपनीनं २०२४ मध्ये भारतीय वळणाचा असाच खेळ, 'इंडस', काढला. म्हणजे हा बाजार आता दारात आला आहे आणि अजून वाढणार. माझं उत्तर एवढंच आहे की निर्णय त्या मुलीनं करावा, हातात फोन घेऊन, डोळ्यांनी पाहून. आमच्यातल्या दोघींनी चार आठवड्यांत खेळ सोडला, कंटाळा आला म्हणाल्या, आणि त्या वेळात टायपिंग शिकताहेत. एकीला तो आवडतो. ती अजून खेळते, स्वतःच्या नावानं.

पुढच्या महिन्यापासून खारीगावात दुसरा वर्ग सुरू करायचा आहे. चार फोन लागतील. जुने चालतील, पडद्याला तडा असला तरी चालेल, बॅटरी मात्र टिकणारी हवी. ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी माझ्याकडे किंवा आपल्या गटाच्या सचिवताईंकडे द्या. चार्जरसकट द्या.